टॉवेलच्या कोटेशनला लावलेले नियम : नऊ महिने वापरून

आमचा टेरी टॉवेलचा कारखाना सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे. गिऱ्हाईक बहुतेक घाऊक : हॉटेलं, हॉस्पिटलं, जिम, सलून. कोटेशन काढायचं काम माझ्याकडे, फिरती धाकट्या दिरांकडे. जून २०२५ मध्ये आम्ही कोटेशनचं सॉफ्टवेअर घेतलं ते एकाच कारणासाठी. पार्टीने चार गोष्टी सांगितल्या की बाकीचा माल नियमांनी आपोआप निवडला जावा आणि चुकीची जोडी कोटेशनमध्ये बसूच नये, एवढंच हवं होतं. आता मार्च आहे. नऊ महिन्यांत काय जमलं आणि काय फसलं ते सविस्तर लिहिते, कारण आम्ही घेताना मराठीत असं काही वाचायला मिळालं नव्हतं.

सॉफ्टवेअरचं नाव लिहीत नाही. मला बोलायचंय ते नियमांबद्दल, आणि हा भाग सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखाच असतो. सेल्सफोर्स कंपनीच्या सीपीक्यू या कोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये याला प्रॉडक्ट रूल म्हणतात आणि त्याचे चार प्रकार असतात. एक चुकीची जोडी अडवतो, दुसरा नुसती सूचना देतो, तिसरा माल स्वतः निवडतो किंवा काढतो, चौथा यादीत काय दिसावं ते गाळतो. आमच्याकडे नावं वेगळी आहेत, कामं हीच.

बाहेरच्या माणसाला वाटतं टॉवेल म्हणजे टॉवेल. पण एका टॉवेलमागे साइज, जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन), रंग, रंगाचा प्रकार, बॉर्डर, लोगो, हेमिंग (कडा दुमडून शिवणं) आणि पॅकिंग इतकं सगळं ठरवावं लागतं. यातल्या निम्म्या गोष्टी एकमेकींवर अवलंबून असतात, आणि कोणती कशावर अवलंबून आहे हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. थोडं माझ्या एक्सेलमध्ये होतं, थोडं दिरांच्या डोक्यात, आणि सगळ्यात जास्त आमच्या जॉबरमामांच्या, म्हणजे लूमवरच्या मुकादमांच्या.

सॉफ्टवेअर घ्यायची वेळ आली ती गोव्याच्या एका हॉटेलच्या ऑर्डरमुळे. सहाशे निळे टॉवेल. कोटेशन मीच काढलं होतं, रिऍक्टिव्ह डाइंग धरून. माल सुंदर गेला. दोन महिन्यांनी हॉटेलने फोटो पाठवले तेव्हा निळ्यावर फिकट गुलाबीसर डाग पडले होते. त्यांच्या लाँड्रीत क्लोरीनचं ब्लीच वापरतात. रिऍक्टिव्ह रंग सुतावर छान चढतो, शेड भरपूर मिळतात, पण बहुतेक शेड क्लोरीनपुढे टिकत नाहीत. तिथे व्हॅट डाइंगच लागतं. ते महाग, शेडही मोजक्या, पण ब्लीच सोसतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या दिवशी बारा कोटेशनं काढायची होती आणि रंगाच्या प्रकाराचा रकाना आधीच्या कोटेशनवरून तसाच कॉपी झाला. अर्धी ऑर्डर आम्ही पदरचे पैसे घालून पुन्हा विणून दिली.

त्यामुळे आमचा पहिला नियम हाच. गिऱ्हाइकाचा प्रकार हॉटेल, हॉस्पिटल किंवा सलून असेल आणि रंग पांढरा नसेल, तर व्हॅट डाइंग आपोआप निवडलं जातं, रिऍक्टिव्ह यादीतून नाहीसं होतं आणि शेडकार्डातल्या फक्त व्हॅटच्या शेड दिसतात. खाली निरोप येतो : ‘रंगीत माल ब्लीचमध्ये जाणार. व्हॅटच घ्यायचं.’ हा निरोप आम्ही मराठीत लिहिला. आधी कंपनीच्या माणसाने घातलेला इंग्रजी निरोप आमचे दीर न वाचताच बंद करायचे. मराठीत आल्यापासून तेच वाक्य ते पार्टीला फोनवर वाचून दाखवतात आणि रेट जास्त का, हा प्रश्नच मिटतो. नऊ महिन्यांत या एका नियमाने सॉफ्टवेअरचे पैसे वसूल केले असं मी मनापासून म्हणेन.

पण सुरुवात अशी सरळ झाली नाही. पहिल्या तीन आठवड्यांत मी आणि कंपनीचा माणूस ऑफिसात बसून एकेचाळीस नियम लिहून मोकळे झालो. सगळे कागदावर बरोबर. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पूल टॉवेलची इन्क्वायरी आली, साडेतीनशे पीस. पूल टॉवेल निवडला की रंगीत पट्टा आपोआप यावा असा एक नियम होता, कारण बहुतेक हॉटेलं पट्ट्याचाच टॉवेल मागतात. दुसरा नियम असा की पाचशे पिसांखाली पट्टा काढून टाकावा. मी साडेतीनशे टाकलं आणि पट्टा आला, गेला, परत आला, परत गेला. शेवटी सॉफ्टवेअरने नियम चालवणंच थांबवलं आणि लाल एरर दाखवली. दोन्ही नियम आपापल्या जागी खरे होते, पण प्रत्येक बदलानंतर दोघेही धावत होते आणि एकाचं केलेलं दुसरा मोडत होता.

त्या दिवशी जॉबरमामांना ऑफिसात बोलावलं. तीस वर्षं लूमवर काढलेला माणूस, घरी तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी. मी विचारलं, पाचशेच का, चारशे का नाही? मामा म्हणाले, “ताई, पट्ट्याचा धागा आधी रंगवून मग बीमवर (लूमवरचा ताण्याचा मोठा रूळ) जातो. बीम भरायलाच दिवस जातो. साडेतीनशे पिसांसाठी बीम भरला तर उरलेला रंगीत धागा कुणाच्या गळ्यात घालणार? पण तोच रंग आधीच्या ऑर्डरचा बीमवर चढलेला असला, तर दोनशे पीस पण मी काढून देतो.”

म्हणजे खरी अट पिसांची नव्हतीच, बीमवर काय चढलंय याची होती. आम्ही दोन्ही नियम मोडून एकच लिहिला : पूल टॉवेल असेल, आणि पीस पाचशे किंवा जास्त असतील अथवा त्या रंगाचा बीम चालू असेल, तरच पट्टा निवडावा. चालू बीमची छोटी यादी मामा दर सोमवारी सांगतात, मी भरते. त्यानंतर तो एरर परत आला नाही. पाठोपाठ चार रविवार मामांना, डाइंगवाल्या काकांना आणि पॅकिंगच्या मावशींना समोर बसवून मी प्रत्येक नियम वाचून दाखवला. एकेचाळीसपैकी अकरा त्यांनी साफ चूक ठरवले, सात निरुपयोगी. आज तेवीस आहेत. कोणी आता हे काम हातात घेणार असेल तर माझं कळकळीचं सांगणं आहे की सॉफ्टवेअरवाला यायच्या आधी हे रविवार उरकून घ्या.

नियम कमीच बरे, यावर माझा आता पक्का विश्वास बसलाय. इंजिनिअरिंगला असलेल्या माझ्या भाच्याने यावर एक जुनी हकिगत सांगितली. १९८० च्या सुमाराला डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीने व्हॅक्स संगणकांच्या ऑर्डरींमध्ये कोणत्या भागाबरोबर कोणता भाग लागतो हे ठरवायला एक प्रोग्राम कामाला लावला. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या जॉन मॅकडर्मट यांनी तो तयार केला होता. आधी त्याचं नाव आर-वन होतं, पुढे एक्सकॉन झालं. काहीशे नियमांनी सुरुवात झाली, ते हजारोंवर गेले, आणि नवा माल आला की जुने नियम दुरुस्त करत राहणं हेच एक मोठं काम होऊन बसलं. आमचे तेवीस सांभाळतानाच मला ते पटतं.

नियम कधी धावतो याकडे नीट लक्ष द्या. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन वेळा आहेत : कोटेशन उघडताना, काही बदलताना, सेव्ह करताना. मी पॅकिंगचा नियम फक्त उघडताना लावला होता. ७० बाय १४० सेंटीमीटरचा टॉवेल म्हणजे ०.९८ चौरस मीटर. पाचशे जीएसएमला एका पिसाचं वजन ४९० ग्रॅम, पन्नास पिसांचं कार्टन साडेचोवीस किलो. आम्ही पंचवीस किलोच्या वर कार्टन भरत नाही, म्हणून नियमाने पन्नास पीस निवडले, बरोबरच. नंतर पार्टीने जीएसएम सहाशे करायला सांगितलं. पीस ५८८ ग्रॅमचा झाला, पण कार्टनमध्ये पन्नासच राहिले, म्हणजे २९ किलो ४०० ग्रॅम. पॅकिंगच्या मावशींनी कार्टन उचलायला घेतलं तेव्हा हाताला कळलं. आता तो नियम प्रत्येक बदलाला धावतो आणि सहाशेला बेचाळीस पीस देतो.

उलट, सुचवणारे नियम प्रत्येक बदलाला लावू नका. हॉटेलच्या सेटमध्ये बाथमॅट आपोआप यावी असा आमचा नियम आहे. दीर कोल्हापुरात पार्टीसमोर बसून मोबाइलवर कोटेशन करत होते. पार्टीला बाथमॅट नको होती. दिरांनी ती काढली, पीस बदलले, बाथमॅट परत आली. परत काढली, रंग बदलला, परत आली. तिथूनच फोन आला, “वहिनी, हे माझं ऐकतच नाही. पार्टी बघतेय.” माणसाने विचार करून काढलेली वस्तू नियमाने पुन्हा आणली की माणसाचा सॉफ्टवेअरवरचा भरवसा उडतो, आणि तो परत मिळवायला फार दिवस लागतात. दीर दीड महिना वहीत कोटेशन लिहीत होते. आता बाथमॅटचा नियम फक्त उघडताना एकदा धावतो. नंतर राज्य दिरांचं.

अडवायचं कुठे आणि सांगून सोडायचं कुठे, हेही आम्ही उशिरा शिकलो. सुरुवातीला सगळंच अडवलं होतं. आता जिथे माल खराब होणार किंवा लूमवर निघणारच नाही तिथेच अडवतो, आणि असे नियम फक्त सहा आहेत. तीनशे पिसांखाली विणलेल्या लोगोऐवजी एम्ब्रॉयडरी घ्या, ही नुसती सूचना आहे. जुनी पार्टी असेल, पुढच्या ऑर्डरची खात्री असेल, तर दीर विणलेला लोगो देतात आणि कारणाच्या रकान्यात दोन शब्द टाकतात. महिन्याच्या शेवटी मी ती कारणं वाचते. तीच सूचना वारंवार ओलांडली जात असेल तर चूक नियमाची आहे, दिरांची नाही.

सगळ्यात मोठा धक्का सप्टेंबरमध्ये बसला. ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. सोलापूरचा बराच टॉवेल बाहेर जातो, त्यामुळे एक्स्पोर्टवालेही देशातल्या हॉटेलांकडे वळले आणि रेटची ओढाताण सुरू झाली. त्यातच २२ सप्टेंबरपासून जीएसटीचे दर बदलले. आधी टॉवेलला नगामागे १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के होते. आता मर्यादा २,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के. आमच्या १,४५० रुपयांच्या बाथरोबचा कर बारावरून पाचावर आला, पार्टीच्या दृष्टीने आनंदाचीच गोष्ट. पण मी १,००० हा आकडा तीन नियमांत हाताने लिहून ठेवला होता. दोन त्याच रात्री दुरुस्त केले. तिसरा एम्ब्रॉयडरीच्या सूचनेत दडलेला राहिला.

दहा दिवसांनी दिरांनी ९८० रुपयांच्या मोठ्या बाथशीटचं कोटेशन केलं. ४५ रुपयांची एम्ब्रॉयडरी धरली की सूचना यायची : ‘हजाराच्या वर गेलं, १२ टक्के लागेल.’ त्यांनी भल्या मनाने एम्ब्रॉयडरी काढली आणि साधं लेबल दिलं. पार्टीला लोगोच हवा होता, ती दुसरीकडे गेली. मला फार लागलं ते. तेव्हापासून कराची मर्यादा, कार्टनचं वजन, कमीत कमी पीस, असे आकडे एकाच तक्त्यात आहेत आणि नियम तिथून उचलतात. बदलायचं तर एकाच जागी. हे पहिल्या दिवशी करण्यासारखं काम होतं आणि सॉफ्टवेअरमध्ये सोयही होती. बसवून देणाऱ्या माणसाने दाखवली नाही, मीही विचारलं नाही.

आणखी एक सवय लावून घेतली. जुनी वीस कोटेशनं, ज्यांचं उत्तर आम्हाला पक्कं माहीत आहे, वेगळी काढून ठेवली आहेत. गोव्याचं, पूल टॉवेलचं, बाथशीटचं, सगळी त्यात आहेत. कोणताही नियम हलवला की ती वीस पुन्हा चालवून पाहते. अर्धा तास जातो. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात, ऑफिस शांत असताना, मी एक नियम बदलला आणि त्याने हॉस्पिटलच्या पांढऱ्या टॉवेललाही व्हॅट डाइंग लावलं. विसातल्या सातव्या कोटेशनलाच ते पकडलं गेलं, बाहेर काही गेलं नाही.

तक्रारी सांगायच्या तर, मोबाइलवर सात-आठ नियम एकदम धावले की स्क्रीन अडकते, रेंज कमी असेल तर जास्तच. कोणत्या नियमाने कोणती वस्तू आणली हे कोटेशनवर दिसत नाही, शोधायला मागे सेटिंगमध्ये जावं लागतं. सपोर्टचा माणूस चांगला आहे पण त्याला टॉवेल कळत नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी बीम म्हणजे काय इथून सुरुवात. रिपोर्ट आम्ही वापरत नाही.

फायदा मात्र खरा आहे. हॉटेलच्या पूर्ण सेटचं कोटेशन पूर्वी दुसऱ्या दिवशी जायचं, कारण मला मामांना विचारायला लूमवर जावं लागायचं आणि लूमच्या आवाजात निम्मं ऐकू यायचं नाही. आता वीस मिनिटांत जातं. जूनपासून कोटेशनमधल्या चुकीमुळे एकही माल परत आलेला नाही. रेडीमेड चादरी आणि टॉवेल स्टॉकमधून विकणाऱ्या दुकानाला मी हे घ्या असं सांगणार नाही, तिथे साधी रेटलिस्ट पुरते. ज्यांचा प्रत्येक माल ऑर्डरवर बनतो आणि ज्यांच्याकडचं ज्ञान दोन-तीन जुन्या माणसांपाशीच आहे, त्यांनी जरूर घ्यावं.

आमचे मामा दिवाळीनंतर काम सोडणार आहेत. त्यांच्याकडून अजून बॉर्डर आणि हेमिंगचे नियम घ्यायचे राहिलेत. पुढच्या रविवारी डॉबी बॉर्डरला (विणतानाच नक्षी काढलेली बॉर्डर) बसणार आहोत, मामांनी जुन्या डिझाइनची वही घेऊन यायचं कबूल केलंय.