फळवाईनसाठी ५ केएलडीचा तयार ईटीपी, कन्सेंटच्या कागदांसकट: घ्यावा का?

बोंडू, आंबा, जांभळाची वाईन करणाऱ्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या छोट्या युनिटांपुढे पुरवठादार हे पॅकेज ठेवतात: दिवसाला ५ घनमीटर (५ केएलडी) सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, म्हणजे ईटीपी, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कन्सेंटचे, म्हणजे परवानगीचे कागद, एकाच दरात. यंत्रं चांगली आहेत. कागद मात्र कोकणाचा पाऊस बघून केलेले नाहीत.

टाक्या एफआरपीच्या (फायबरच्या) आहेत, खाऱ्या हवेत हेच योग्य. पाण्यात हवा सोडणारे ब्लोअर दोन, एक राखीव. पॅनेलचे नटबोल्ट साधे येतात, ते एसएस ३१६चे (न गंजणाऱ्या स्टीलचे) मागून घ्या.

खरी उणीव इक्वलायझेशन टाकीची, म्हणजे वेगवेगळं सांडपाणी आधी एकत्र करून एकसारखं करणाऱ्या टाकीची. ती ५ घनमीटरची, म्हणजे जेमतेम एका दिवसाची. हंगामात टाक्या कॉस्टिकने धुतल्या की पीएच ११-१२ वर जातो, आणि फळ धुतलेलं, रस सांडलेलं पाणी आलं की ४ वर उतरतो. हे हेलकावे थेट एरेशनमध्ये (जिवाणू हवेच्या मदतीने घाण खातात त्या टाकीत) गेले की जिवाणू मरतात, फेस येतो, गाळ खाली बसत नाही. १२ ते १५ घनमीटरची टाकी मागा. जागा नसेल तर कॉस्टिकचं पाणी वेगळ्या टाकीत धरून थोडं थोडं सोडा.

मॅन्युअलमध्ये जिवाणूंना लागणाऱ्या खताचा उल्लेखच नाही. या पाण्यात साखर आणि अल्कोहोल भरपूर, नत्र-स्फुरद कमी. बीओडी (घाण खायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) ३,००० मिग्रॅ/लिटर असेल तर ५ घनमीटरमागे रोज साधारण १.३ किलो युरिया आणि पाऊण किलो डीएपी लागतं. वाईनचा तळगाळ गटारात सोडूच नका. १२ टक्के अल्कोहोलच्या १ लिटर वाईनमध्ये सुमारे २०० ग्रॅम सीओडी (रसायनाने मोजलेली ऑक्सिजनची गरज) असतो. ५० लिटर सांडली तर १० किलोचा भार एकदम येतो, त्यात प्लांट कोलमडतो.

आता कागद. अर्जात 'प्रक्रिया केलेलं पाणी बागेला' असं लिहून देतात, कारण सर्वसाधारण मानकांत जमिनीवर सोडायला बीओडी १०० मिग्रॅ/लिटर चालतो, वहाळात (ओढ्यात) सोडायला ३० लागतो. एप्रिलमध्ये ते पटतं. जून ते सप्टेंबर जांभा पाण्याने भरलेला असतो. बागेत सोडलेलं पाणी मुरत नाही, ते वहाळात उतरतं आणि खालच्या वाडीच्या विहिरीपर्यंत जातं. लोक आधी ग्रामपंचायतीत येतात, मग मंडळाकडे अर्ज जातो. म्हणून पाणीताळेबंद (किती पाणी येतं, कुठे जातं याचा हिशेब) महिनावार करून घ्या, पावसाळ्यातल्या बॉटलिंगच्या धुण्यासाठी साठवण टाकी दाखवा किंवा बीओडी ३०पर्यंत उतरवणाराच प्लांट मागा. गाळ वाळवायच्या स्लज बेडवर पत्र्याचं छप्पर हवंच, नाहीतर चार महिने गाळ वाळत नाही.

तपासणीला अधिकारी आले की १९७४च्या जल कायद्याच्या कलम २१ची माहिती असू द्या: नोटीस देऊन, तुमच्यासमोर सांडपाण्याच्या नमुन्याचे दोन भाग करायचे, सीलबंद करायचे, दोघांच्या सह्या घ्यायच्या. फ्लोमीटरची वही त्या दिवसापर्यंत भरलेली हवी. वार्षिक पर्यावरण विवरणपत्राची मुदत ३० सप्टेंबर. पॅकेजमध्ये ते धरलेलं नाही, करारात घालून घ्या.

प्लांट घ्या, पण मोठ्या इक्वलायझेशन टाकीसह. हंगामाआधी दोन-तीन आठवडे शेजारच्या चालू ईटीपीतला जिवाणू असलेला गाळ आणून ब्लोअर सुरू करून देण्याचं काम पुरवठादाराकडून लेखी घ्या. कागद स्थानिक पाऊस ठाऊक असलेल्या सल्लागाराकडून वेगळे करून घेतलेले बरे.