टेस्टचं बटण नेमकं काय तपासतं? कार्बन मोनॉक्साइड अलार्म काही महिने वापरल्यावर

गॅस गिझर आणि झोपायची खोली यांच्या मधल्या पॅसेजमध्ये गेले काही महिने हा अलार्म लावलेला आहे. बॅटरीवर चालतो, छोट्या स्क्रीनवर पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे किती भाग) दाखवतो आणि मागे ईएन ५०२९१-१ असं छापलेलं आहे. ते बघूनच घेतला. घरातल्या कार्बन मोनॉक्साइड अलार्मसाठीचं हे युरोपीय मानक. ते किंवा त्याच्या तोडीचं काही छापलेलं नसेल, तर दिसायला कितीही छान असला तरी असा डबा मी भिंतीवर लावणार नाही.

हा अलार्म एलपीजीची गळती ओळखत नाही, हे आधी सांगतो, कारण घरी येणारा प्रत्येक जण तोच प्रश्न विचारतो. एलपीजी हवेपेक्षा जड, त्यामुळे त्याचा डिटेक्टर जमिनीलगत लावतात. कार्बन मोनॉक्साइड जवळपास हवेइतकाच हलका-जड असतो आणि खोलीभर मिसळतो. तो अर्धवट जळण्यातून तयार होतो आणि त्याला वासही नसतो. दोन्ही धोके वेगळे, उपकरणंही वेगळी.

स्क्रीनवर आकडा दिसतोय आणि भोंगा मात्र गप्प, असं झालं की नवा माणूस यंत्राला नावं ठेवतो. पण ते ठरवून तसं केलेलं असतं. या मानकानुसार ३० पीपीएमला पहिले १२० मिनिटं अलार्म वाजता कामा नये. ५० ला तो ६० ते ९० मिनिटांत वाजायला हवा, १०० ला १० ते ४० मिनिटांत आणि ३०० ला ३ मिनिटांच्या आत. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि हळूहळू साठत जातो. त्यामुळे किती आहे याइतकंच किती वेळ आहे हेही मोजावं लागतं. तरीही घरात गरोदर बाई, तान्हं मूल किंवा हृदयविकाराचा रुग्ण असेल तर थोडं प्रमाणही दुर्लक्ष करण्याजोगं नाही. म्हणून स्क्रीन असलेलाच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. माझ्या मॉडेलमध्ये मधल्या काळातला सर्वांत मोठा आकडा लक्षात राहतो. बाहेरगावाहून आल्यावर मी आधी तो बघतो.

आता टेस्टचं बटण. महिन्यातून एकदा दाबतो. चार पिक्, थोडी विश्रांती, पुन्हा चार पिक्. समाधान वाटतं, पण ते समाधान अर्धंच खरं आहे. बटण दाबल्यावर बॅटरी, सर्किट आणि भोंगा ठीक असल्याचं कळतं. बहुतेक मॉडेलमध्ये सेन्सरपर्यंत वायू पोहोचला तर तो ओळखेल का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी टेस्ट गॅसचा छोटा कॅन मिळतो, पण तो आपल्या मॉडेलला चालतो का हे माहितीपुस्तिकेत बघूनच वापरायचा. गाडीच्या धुराड्यासमोर अलार्म धरणं किंवा काडी विझवून तिचा धूर देणं, या दोन्ही युक्त्या सोडून द्या. एकात आपणच विष हुंगतो, दुसरीतून काहीच सिद्ध होत नाही.

म्हणूनच मागच्या बाजूची तारीख मला बटणापेक्षा महत्त्वाची वाटते. आतला इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर वापरला नाही तरी म्हातारा होतो. मॉडेलप्रमाणे ५ ते १० वर्षं, मग अख्खं यंत्रच बदलायचं. नवी बॅटरी घालून सेन्सर तरुण होत नाही. ‘बदलण्याची तारीख’ मार्करने पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून ठेवली आहे. दिसायला वाईट दिसते, दिसू दे.

देखभाल म्हणाल तर फारशी नाही. व्हॅक्यूमचा मऊ ब्रश जाळीवरून फिरवायचा, कोरड्या कापडाने पुसायचं. क्लीनरचा फवारा मारायचा नाही. रंगकाम, पॉलिश, हेअरस्प्रे, सिलिकॉनचं सीलंट यांच्या वाफांनी सेन्सर बिघडू शकतो, म्हणून रंगकाम चालू असताना तो दुसऱ्या खोलीत हलवायचा आणि काम संपलं, हवा खेळली की परत जागेवर. पडद्यामागे, न्हाणीघरात किंवा शेगडीच्या डोक्यावर लावू नये. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते: चार्ज होणाऱ्या लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन सुटतो आणि असे बरेच सेन्सर त्याला कार्बन मोनॉक्साइड समजतात. इन्व्हर्टरशेजारी अलार्म नको. पण वाजलाच, तर ‘बॅटरीमुळे असेल’ म्हणत बसायचं नाही. आधी सगळ्यांनी मोकळ्या हवेत जायचं आणि तिथून मदत मागवायची, कारण शोधणं नंतर. डोकं दुखतंय, मळमळतंय असं कुणी म्हणालं तर बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये; तो अशा विषबाधेतही आकडा चांगलाच दाखवू शकतो.

तक्रार एकच. बॅटरी उतरल्याची सूचना म्हणजे मिनिटाला एक बारीक पिक्, आणि ती नेमकी पहाटे सुरू होते, कारण गारव्यात बॅटरीचं व्होल्टेज आणखी खाली जातं. आवाज कुठून येतोय तेही अर्धवट झोपेत कळत नाही. पुढचा अलार्म सेन्सरच्या आयुष्याइतकी टिकणारी सीलबंद बॅटरी असलेलाच घेणार.