पायथनचे ‘सीटाइप्स’: सोय मोठी, पण डोळ्यांत तेल घालून वापरण्याची

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळदीच्या अडत दुकानात वजन, तूट आणि हमाली-तोलाईचा हिशेब करणारी सी भाषेतील जुनी डीएलएल (तयार फंक्शनांची फाइल) आजही बिनचूक चालते. ती पायथनमधील नव्या बिलिंगला जोडण्यासाठी आम्ही ‘सीटाइप्स’ (ctypes) हे सी फंक्शने पायथनमधून बोलावू देणारे मॉड्यूल वापरले. २००६ साली आलेल्या पायथन २.५ पासून ते भाषेच्या मूळ संचातच असल्यामुळे वेगळे काही इन्स्टॉल करावे लागत नाही. मात्र ६४-बिट पायथनमध्ये ३२-बिट डीएलएल उघडत नाही. सुदैवाने सोर्स हाताशी असल्याने ती पुन्हा कंपाइल करता आली.

खरी मेख परतीच्या मूल्यात आहे. ‘रेस्टाइप’ (परत येणाऱ्या मूल्याचा प्रकार) सांगितला नाही, तर प्रत्येक फंक्शन पूर्णांकच परत करते असे सीटाइप्स गृहीत धरते; परिणामी दशांशातील निव्वळ वजनाच्या जागी भलताच आकडा, कुठलीही तक्रार न होता, बिलावर उतरतो आणि पॉइंटर (मेमरीतील पत्ता) असेल तर तो अर्धा कापला जाऊन प्रोग्राम कोसळू शकतो. ‘आर्गटाइप्स’ (फंक्शनला द्यायच्या मूल्यांचे प्रकार) हेही हातानेच लिहावे लागतात, कारण ही माहिती असलेली सीची हेडर फाइल वाचण्याची सोय यात नाही. शिवाय प्रत्येक कॉलला वेळ लागतो, म्हणून पोत्यागणिक फंक्शन बोलावण्यापेक्षा सगळी वजने एका अ‍ॅरेत भरून एकदाच पाठवावीत.

साध्या सी फंक्शनांसाठी पाचपैकी चार तारे. सी++चे क्लास जोडायचे असतील, तर सरळ ‘पायबाइंड११’ (pybind11) या सी++ पायथनला जोडणाऱ्या लायब्ररीकडे वळावे.