कोरोनेशन स्ट्रीट की ईस्टएंडर्स?

ब्रिटनमधल्या या दोन मालिकांपैकी इतिहास कुणाचा मोठा, याला उत्तर एकच. ‘कोरोनेशन स्ट्रीट’ ९ डिसेंबर १९६० रोजी आयटीव्हीवर सुरू झाली. बीबीसीची ‘ईस्टएंडर्स’ आली १९ फेब्रुवारी १९८५ ला. मधे तब्बल चोवीस वर्षं.

पण मला वयापेक्षा स्वभावातला फरक महत्त्वाचा वाटतो. ‘कोरोनेशन स्ट्रीट’चे जनक टोनी वॉरन यांनी उत्तर इंग्लंडमधल्या कामगारवस्तीची बोली, गल्लीतली भांडणं आणि एना शार्पल्स, एल्सी टॅनरसारख्या खमक्या बायका पडद्यावर आणल्या. दुःख आहे, पण विनोदाची साथ सुटत नाही. विल्यम रोच यांनी तर पहिल्याच भागापासून केन बार्लो साकारला. तरुण विद्यार्थी ते पिकलेला म्हातारा, एक अख्खं आयुष्य प्रेक्षकांसमोर गेलं. असं भाग्य फार थोड्या मालिकांच्या वाट्याला येतं.

‘ईस्टएंडर्स’ लंडनची, अधिक काळोखी. पहिल्याच प्रसंगात दार फोडून आत शिरलेल्या शेजाऱ्यांना मरणासन्न म्हातारा सापडतो. १९८६ च्या नाताळात डेनने बायको अँजीच्या हाती घटस्फोटाची कागदपत्रं ठेवली, तो भाग पुनःप्रसारणासह सुमारे तीन कोटी लोकांनी पाहिला. १९९१ मध्ये मार्क फाउलर या पात्राला एचआयव्ही असल्याचं दाखवलं. लोक या आजाराबद्दल कुजबुजत असताना त्याला रोजच्या कुटुंबकथेत जागा देणं हे धाडसच होतं.

धक्का आणि सामाजिक धीटपणा हवा तर ‘ईस्टएंडर्स’. माणसं मुरताना पाहायची असतील तर ‘कोरोनेशन स्ट्रीट’, आणि माझं मत तिलाच.