जीपीएसवर 22 नॉट दिसले आणि मी फसलो

7 मीटरची, छोटी केबिन असलेली मोटरबोट जुन्यात घेतली. खुल्या समुद्रात तीसेक सागरी मैल जायचं आणि अंधार पडायच्या आत परतायचं, एवढीच अपेक्षा. मागे आउटबोर्ड इंजिन, त्याच्या झाकणावर ठळक 140. मी घरूनच हिशेब करून गेलो होतो: बोटीचं वजन साधारण 2,150 किलो, 140 हॉर्सपॉवर, म्हणजे 22 नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) आसपास वेग मिळायला हवा. चाचणीत जीपीएसवर बरोबर 22 दिसले. त्याच दिवशी व्यवहार पक्का केला.

फसवणूक झाली ती त्या चाचणीतच. बोटीत मी आणि विकणारे गृहस्थ, दोघंच.  पेट्रोलची टाकी पावच भरलेली. पिण्याच्या पाण्याची टाकी कोरडी. जाताना ‘इंजिन जरा गरम होऊ द्या’ म्हणत त्यांनी बोट रमतगमत नेली आणि येताना थ्रॉटल पूर्ण दाबला. तेव्हा पाण्याला दोन नॉटांची ओढ होती आणि येताना ती पाठीमागून होती. जीपीएस पाण्यातला वेग दाखवत नाही, जमिनीच्या हिशेबानं दाखवतो. हे मला माहीत होतं, पण तिथे सुचलं नाही. टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरचा, काटा शून्यावरच होता. ‘वायर सुटलीय, दोन मिनिटांचं काम.’ मी मान डोलावली.

इंजिन 115 चं होतं. एकाच ब्लॉकवर कंपन्या दोन-तीन वेगवेगळ्या ताकदीची इंजिनं काढतात. सिलिंडर तेच, वजन जवळपास तेच, फरक ट्यूनिंगचा आणि थोड्या भागांचा. मोठ्या भावाचं झाकण धाकट्यावर नीट बसतं. शिवाय हलक्या, पाण्यावर उचलून धावणाऱ्या बोटीचा वेग ताकदीच्या वर्गमुळानं वाढतो. 115 वरून 140 म्हणजे ताकद 22 टक्के जास्त, पण वेग जेमतेम 10 टक्के. बोटीचे खरे 20, वर पाण्याच्या ओढीचे दोन. झाले 22! माणूस बेरजेत पक्का होता, हे मानलंच पाहिजे.

पहिल्या लांबच्या फेरीला आम्ही पाच जण होतो. भरलेली टाकी, पाणी, नांगर-साखळी, लाइफ राफ्ट, सामान. चाचणीपेक्षा सहाएकशे किलो जास्त. 200 लिटर पेट्रोलचे तीन भाग धरले होते: एक जायला, एक यायला, एक राखीव. जाताना बोट कुरकुरत का होईना, 17 नॉटला धावली. परतताना वारा समोरून, लाटा आखूड आणि उभ्या. प्रत्येक लाटेला वेग तुटायचा आणि बोट पुन्हा वर यायचीच नाही. नाळ (बोटीचं पुढचं टोक) आकाशाकडे, मागचा भाग पाण्यात रुतलेला, 9 नॉट, आणि इंजिनाचा आवाज चढावर अडकलेल्या ट्रकसारखा. या अवस्थेत मैलाला पेट्रोल दीडपट लागतं. धक्क्याला लागलो तेव्हा राखीव भागातलंही बरंच संपलं होतं.

एवढ्या लांबीची बोट सहा नॉटनं चालवायला 15 हॉर्सपॉवर पुरतात. बाकीची शंभर लागतात ती बोटीला स्वतःच्याच लाटेवर चढवून पलीकडे काढायला. तिथे थोडी कमी पडली तर वेग थोडा कमी होत नाही, निम्मा होतो.

मेकॅनिकनं झाकणाकडे पाहिलंच नाही. इंजिन ज्या ब्रॅकेटनं बोटीला जोडलेलं असतं, त्यावरची पट्टी कापडानं पुसली. मॉडेल क्रमांकात 115. मग टॅकोमीटर जोडून, सगळं ओझं चढवून पूर्ण थ्रॉटल दिला तर 4,700 फेरे. या इंजिनाला 5,000 ते 6,000 च्या मधे पोचायला हवं. पंखाही मुद्दाम जास्त पिचचा (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा पाण्यात जेवढा पुढे सरकायला हवा ते अंतर) लावलेला, रिकाम्या बोटीत वेग छान दिसावा म्हणून. दोन इंच कमी पिचचा लावल्यावर इंजिन कसंबसं 5,000 च्या वर गेलं. (एका इंचाला साधारण 150 ते 200 फेरे.) तोवर मी ते ओझ्याखाली किती रगडलं असेल, देव जाणे.

जुनी बोट बघायला जाल तेव्हा टाकी भरायला लावा, पैसे तुमचे गेले तरी चालतील. तुम्ही नेणार तेवढी माणसं घ्या, नाहीतर पाण्याचे कॅन भरून वजन करा. एकाच पट्ट्यात पूर्ण थ्रॉटलवर उलटसुलट दोन्ही बाजूंनी धावा आणि दोन आकड्यांची सरासरी घ्या. टॅकोमीटर बंद असेल तर चाचणी त्या दिवशी नाहीच. पट्टीवरचा मॉडेल आणि सिरियल क्रमांक कागदांशी जुळवा. माझ्या कागदांवर 115 च लिहिलं होतं. मी फक्त सही कुठे करायची ते पाहिलं.

त्या गृहस्थांना फोन केला. आवाज अजिबात चढला नाही त्यांचा. म्हणाले, ‘कागद तुमच्याकडेच आहेत. आणि 22 तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघितले होते ना?’