टेदरमधून व्हिडिओ: थ्री-प्लस-वन, लॅन, दोन तारा की फायबर?

पाण्याखाली वायफाय चालत नाही. २.४ गिगाहर्ट्झची लहर हातभर पाण्यातच विरून जाते, म्हणून घरी बनवलेल्या पाणबुड्या रोबोला शेपूट, म्हणजे टेदर नावाची वर जोडणारी केबल, लागतंच. त्या शेपटातून चित्र वर कसं आणायचं हे ठरवताना बहुतेक जण कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपासून सुरुवात करतात. माझे प्रश्न दोन: चित्र किती उशिरा येतं, आणि केबल बिघडली की ते कसं बिघडतं?

माझा रोबो मुख्यतः विहिरीत उतरतो. साठ फूट खोल, तळाशी गाळ, आणि गाळात रुतलेला पंपाचा फूटव्हॉल्व्ह. काठावरून धरली तरी ४०-५० मीटर केबल पुरते. धरणात किंवा समुद्रात उतरायचं असेल तर हिशेब बदलतो, पण १०० मीटरच्या पुढे जाणारे घरगुती रोबो मी फार पाहिलेले नाहीत.

सगळ्यात स्वस्त आणि सोपं म्हणजे सीसीटीव्हीवाल्याकडची थ्री-प्लस-वन. बारीक को-अॅक्स आणि सोबत विजेच्या तीन तारा, ९० मीटरचं बंडल कुठेही मिळतं. त्यावर जुन्या पद्धतीचा अॅनालॉग कॅमेरा लावा: पाल नावाचं जुनं टीव्ही-मानक, ५७६ रेषा, सेकंदाला २५ फ्रेम. चित्र आजच्या मानाने भुरकट. पण उशीर जवळपास नाहीच. थ्रस्टर (रोबोला ढकलणारा मोटरचा पंखा) दाबला की त्याच क्षणी पडद्यावर विहिरीचा दगड सरकतो. शिवाय पालमध्ये रंगाची माहिती ४.४३ मेगाहर्ट्झवर बसलेली असते आणि लांब केबल वरच्या वारंवारता आधी खाते. त्यामुळे अंतर वाढलं की आधी रंग फिके पडतात, मग कडा मऊ होतात. चित्र मात्र दिसत राहतं आणि रोबो परत आणता येतो.

अडचण वेगळीच आहे. त्याच केबलमधल्या तारांनी मोटरला वीज दिली, की प्रत्येक वेळी थ्रस्टर फिरला की पडद्यावर पट्टे नाचतात, कारण मोटरचा करंट आणि व्हिडिओ एकाच ग्राउंडवरून परततात. बॅटरी रोबोतच ठेवा, निम्मा त्रास संपतो.

एएचडी किंवा टीव्हीआय कॅमेरे याच को-अॅक्सवर ७२० आणि १०८० रेषांचं चित्र देतात, तेही कॉम्प्रेशनशिवाय. फक्त ते डीव्हीआरमधून (सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमधून) पाहिलं तर डीव्हीआर स्वतःचा उशीर घालतो, हे पॅकिंगवर लिहिलेलं नसतं.

थ्री-प्लस-वन एकूण जाड आणि ताठ असते. त्यामुळे पुष्कळ जण पिळलेल्या तारांच्या चार जोड्या असलेल्या लॅन केबलकडे वळतात. अॅनालॉग कॅमेरा पिळलेल्या जोडीवरून न्यायचा तर दोन्ही टोकांना बलून नावाची छोटी जोडणी लागते. (फुग्याशी त्याचा काही संबंध नाही, बाजारात सगळे तसंच म्हणतात.) जोडीतल्या दोन्ही तारांवर बाहेरचा गोंगाट सारखाच चढतो आणि बलून तो वजा करतो. साध्या बलूनवर जुना अॅनालॉग कॅमेरा १०० मीटर सहज जातो. एएचडी कॅमेऱ्याला मात्र त्याच्यासाठीचाच बलून घ्या, आणि अंतराबद्दल पुठ्ठ्यावर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका.

यूएसबी वेबकॅम थेट लांब केबलवर? ५ मीटरपुढे विसरा.

मग खरी डिजिटल वाट: रोबोत रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, त्याला कॅमेरा, आणि वरपर्यंत इथरनेट. नियमाने १०० मीटर. एच-२६४ पद्धतीने कॉम्प्रेस केलेलं १०८० रेषांचं चित्र सेकंदाला १० मेगाबिटच्या आसपास मावतं, म्हणजे १०० मेगाबिटची जोडणी भरपूर झाली आणि तिला चारपैकी दोनच जोड्या लागतात. दोनच जोडल्या असतील तर वेग १०० वर बांधून टाका, नाहीतर दोन्ही टोकं गिगाबिटसाठी भांडत बसतात. रास्पबेरी पाय ५ घेऊ नका. त्यातून हे कॉम्प्रेशन करणारा हार्डवेअर एच-२६४ एन्कोडर काढून टाकलाय. पाय ४ मध्ये तो आहे. नीट बसवलं तर उशीर सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाइतका येतो. तयार आयपी कॅमेऱ्यात तो सहज अर्धा सेकंद होतो, आणि अर्ध्या सेकंदात रोबो विहिरीच्या भिंतीवर आपटलेला असतो.

फक्त दोन तारांवर भागवायचं असेल तर होमप्लग. घरातल्या विजेच्या तारांतून इंटरनेट नेणाऱ्या डब्या उघडून त्यांचे बोर्ड एका पिळलेल्या जोडीवर बसवायचे. कॅलिफोर्नियातल्या ओपन-आरओव्ही या पाणबुड्या रोबोच्या प्रकल्पाने हीच युक्ती वापरली, ब्लू-आरओव्ही-२ या तयार रोबोमध्येही हेच तंत्र आहे, आणि तिथे ३०० मीटरपर्यंतचं टेदर मिळतं. टेदर बारीक झालं की प्रवाहात रोबो कमी ओढला जातो, हा मोठाच फायदा. पण बोर्डाची मेन्सची बाजू ठाऊक नसेल तर हात लावू नका. २३० व्होल्ट आणि विहीर एकत्र नको.

फायबर? काच स्वस्त आहे, इथरनेटचा प्रकाश करणारे मीडिया कन्व्हर्टर स्वस्त आहेत, अंतर किलोमीटरमध्ये मोजा. पण काठावर कुणाचा पाय केबलवर पडला की संपलं, आणि जोडायला स्प्लाइसिंग मशीनवाला शोधा.

मी स्वतः एकच लॅन केबल वापरतो: दोन जोड्या इथरनेटला, तिसरी बलूनवरून एका अॅनालॉग कॅमेऱ्याला, चौथी राखीव. रोबो चालवतो अॅनालॉगवर, रेकॉर्डिंग पायवर. वीज वरून पाठवत नाही, कारण २४ गेजच्या तारेचा रोध १०० मीटरला ९ ओहमच्या आसपास; जाऊन-येऊन १८. एक अँपियर ओढला की १८ व्होल्ट वाटेतच गेले, १२ व्होल्टच्या बॅटरीचं काय उरणार?

एकदा चित्र गेलं आणि वर काढल्यावर रोबोच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या डब्यात पाणी. सील कोरडं ठक्क. तासाभराने सापडलं: दगडावर घासून केबलच्या वेष्टनाला नखाएवढा चिरा पडला होता. बारा मीटर खोलीवर एकूण दाब हवेच्या दाबाच्या साधारण सव्वादोन पट असतो. त्याने पाणी वेष्टनाच्या आत ढकललं आणि ते तारांच्या सोबतीने चालत थेट डब्यात. तेव्हापासून केबल आत शिरते तिथे वेष्टन सोलून आठही तारा काही मिलिमीटर उघड्या करतो आणि तो भाग इपॉक्सीत बुडवतो.

विकत घेताना एक कराच. तारेचं टोक ब्लेडने खरवडा. आत पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम: रोध जास्त, आणि चार वेळा गुंडाळलं की तुटतं. बॉक्समधली एकेरी तार असलेली केबलही रोज गुंडाळण्यासाठी नसते. बारीक धाग्यांची केबल सिग्नल थोडा जास्त खाते, पण टिकते. आणि लॅन केबल बुडते, म्हणून दर मीटर-दीड मीटरवर फोमचा तुकडा बांधा, नाहीतर ती तळावर लोळून गाळ उठवते आणि मग कुठलाही कॅमेरा असो, पडद्यावर फक्त चहा दिसतो.