चित्रकाराच्या नजरेतून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा स्टार्टर सेट

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून गोष्ट रचत खेळायच्या खेळाचा २०१४ सालचा स्टार्टर सेट, म्हणजे नवख्यांसाठीचा संच, मी विकत घेतला तो अभ्यासासाठी. मला फँटसी चित्रांची कामे हवी होती, आणि ज्या खेळांच्या पुस्तकांसाठी अशी चित्रे काढून घेतली जातात, त्यांतला एक तरी खेळ आपण स्वतः खेळलेला असावा, एवढाच माझा हिशेब होता. पुण्यात चार मित्रांबरोबर रविवारच्या दुपारी बसून हा संच आम्ही शेवटपर्यंत खेळलो, आणि चित्रकलेच्या कोणत्याही वर्गात न शिकलेल्या काही गोष्टी मला या खोक्याने शिकवल्या, म्हणून हे परीक्षण.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ प्रथम १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. एक जण गोष्ट सांगतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने बोलतात आणि निर्णय घेतात. आणि जिथे यश-अपयशाची खात्री नसते तिथे फासा टाकतात. खोक्यात ३२ पानांची नियमपुस्तिका, ६४ पानांचे साहस (म्हणजे खेळायच्या गोष्टीची पुस्तिका), पाच तयार पात्रांचे तक्ते आणि वेगवेगळ्या संख्येच्या बाजूंचे सहा फासे आहेत. पात्राची ताकद पातळीपातळीने वाढते. इथले नियम पहिल्या पातळीपासून पाचव्या पातळीपर्यंतच आहेत, आणि नवख्या मंडळींना तेवढे बरेच महिने पुरतात.

संचाचे खरे मोल साहसाच्या पुस्तिकेत आहे. तिचा पहिलाच प्रसंग पाहा. सामानाची गाडी घेऊन पात्रे फँडालिन गावाकडे निघाली आहेत, आणि वाटेत दोन मेलेले घोडे आडवे पडलेले दिसतात. अंगात काळ्या पिसांचे बाण रुतलेले आहेत, खोगिराच्या पिशव्या लुटलेल्या आहेत आणि जवळच नकाशा ठेवायची चामडी नळी रिकामी पडली आहे. डंजन मास्टर मी होतो आणि हे वर्णन मराठीत सांगत होतो. माझे सांगून होते न होते तोच प्रश्न सुरू झाले : बाण कोणत्या बाजूने आले, पिशव्या फाडल्या की उघडल्या, रक्त वाळले आहे का, झाडी रस्त्याच्या किती जवळ आहे? यांपैकी निम्म्या प्रश्नांची उत्तरे मला जागच्या जागी शोधावी लागली. त्या रात्री मी तोच प्रसंग कागदावर उतरवला आणि त्या चार प्रश्नांना उत्तर देणारी प्रत्येक रेघ चित्रात आपोआप आली. तोवर माझ्या चित्रांत धुके, चंद्र आणि उडणारा झगा असे, पण काय घडून गेले आहे हे कुठेच दिसत नसे.

पात्रांच्या तक्त्यांचेही तसेच. त्यांवर पात्राची चित्रे नाहीत, आणि माझ्या मते हे फार चांगले झाले, कारण प्रत्येक खेळाडूने माझ्याकडे आपापल्या पात्राचे चित्र मागितले. बुटक्या धर्मोपदेशकाच्या एका हातात युद्धाचा हातोडा आणि दुसऱ्या हातात ढाल. मग मंत्र म्हणताना देवाचे चिन्ह तो धरणार कुठे, असे खेळणाऱ्या मैत्रिणीने विचारले, आणि पूर्ण झालेले रेखाटन बाजूला ठेवून मी ते चिन्ह ढालीवरच कोरले. त्यासाठी ढाल समोर वळवावी लागली, त्यामुळे खांदा वळला आणि उभे राहण्याची ढबच बदलली. काम देणाऱ्यांकडे मी पाठवतो त्या नमुन्यांत आजही पहिले चित्र हेच असते.

उणिवाही सांगायला हव्यात. नवे पात्र स्वतः घडवण्याचे नियम या खोक्यात नाहीत, त्यासाठी मोफत मिळणारे मूळ नियम वेगळे उतरवून घ्यावे लागतात. नकाशे पुस्तिकेच्या पानांतच छापलेले असल्यामुळे टेबलावर मांडण्यासाठी ते हाताने मोठे काढावे लागतात. शिवाय गॉब्लिनांचा, म्हणजे खुज्या दुष्ट प्राण्यांचा, पहिलाच हल्ला नवख्या पात्रांना जड जातो, तेव्हा डंजन मास्टरने तिथे हात थोडा सैल सोडावा.

आता कामाविषयी. जानेवारी २०२३ मध्ये या खेळाच्या मूलभूत नियमांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे श्रेय देऊन कोणालाही वापरता येईल असा, खुला झाला, त्यामुळे त्या नियमांवर आधारलेले साहस लिहून कोणालाही विकता येते. अशी साहसे काढणारे लहान प्रकाशक पाव पान, अर्धे पान, पूर्ण पान अशा मापाने चित्रे मागतात, आणि सुरुवात करणाऱ्याला दार उघडते ते बहुधा पाव पानाच्या काळ्या-पांढऱ्या चित्रानेच. अशा खेळांचे साहित्य विकणाऱ्या ड्राइव्हथ्रूआरपीजी या संकेतस्थळावर तयार चित्रे वापरण्याच्या हक्कासह विकण्याचीही सोय आहे. नमुन्यांत केवळ देखणे चेहरे ठेवू नयेत. दोन-तीन पात्रे एकमेकांशी काही करत आहेत, हातात खरी वाटणारी वस्तू आहे आणि मजकुरासाठी एक बाजू मोकळी सोडली आहे, असे एक चित्र दहा चेहऱ्यांपेक्षा अधिक बोलते. एका लहान प्रकाशकाने रंगकाम पूर्ण झाल्यावर चार वेळा पात्राचा पोशाख बदलायला लावला आणि वाढीव पैसे दिले नाहीत. तेव्हापासून दुरुस्त्या किती आणि कोणत्या टप्प्यावर, हे मी काम घेण्यापूर्वीच लेखी ठरवतो. कच्च्या रेखाटनापासूनचे सगळे टप्पेही जपून ठेवावेत, कारण चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले नाही याची विचारणा आता होऊ लागली आहे.

या संचानंतर नवे स्टार्टर संच निघाले आहेत, तरी जुना चांगल्या स्थितीत मिळाला तर मी तोच घ्यायला सांगेन. घेताना फाशांचा आणखी एक जोड मात्र बरोबर घ्यावा, कारण खोक्यात एकच असतो आणि वीस बाजूंचा फासा सारखा हातोहात फिरवावा लागतो.